घरात तेलुगू, बाजारात तमिळ: तमिळनाडूतले ‘वडुगर’ नेमके कोण?

सोलापूरच्या पूर्व भागात वाढलेल्या माणसाला हा विषय निम्मा आधीच ठाऊक असतो. घरात आजीशी तेलुगू, शाळेत आणि बाजारात मराठी, नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ, आणि ‘तुम्ही मूळचे कुठले?’ असं कुणी विचारलं तर उत्तर ‘इथलेच’. तमिळनाडूतही असंच आहे, फक्त तिथे ते बरंच जुनं, बरंच मोठं आणि राजकारणात खोल रुतलेलं आहे. तिथली लाखो माणसं घरात तेलुगू बोलतात किंवा त्यांचे आजोबा-पणजोबा बोलत होते. रस्त्यावर ती अस्सल तमिळ असतात. त्यांच्यातून तमिळ लेखक झाले, मुख्यमंत्री झाले, ब्रिटिशांशी लढून फासावर गेलेले पाळेगार, म्हणजे छोटे मुलूखदार सरदार, झाले. तरी दर काही वर्षांनी निवडणुकीच्या सभेत प्रश्न येतोच: हे तमिळ आहेत का?

उत्तर अवघड वाटतं ते प्रश्नातच एक गफलत असल्यामुळे. ‘तमिळनाडूतला तेलुगू समाज’ अशी एक वस्तू नाही. वेगवेगळ्या जातींचे, वेगवेगळ्या शतकांत, वेगवेगळ्या कारणांनी आलेले लोक भाषेच्या एका पाटीखाली उभे केले आहेत, आणि त्यांतले काही तर कुठून आलेलेच नाहीत.

२०११च्या जनगणनेत तमिळनाडूतल्या ५.८७ टक्के लोकांनी, म्हणजे साधारण ४२ लाखांनी, मातृभाषा तेलुगू सांगितली. हा आकडा दोन्ही बाजूंनी फसवतो. मदुराई किंवा विरुदुनगरकडच्या कितीतरी नायडू घरांत तेलुगू आता सणासुदीपुरती आणि म्हाताऱ्यांपुरती उरली आहे. ती माणसं जनगणनेच्या कारकुनाला सरळ ‘तमिळ’ सांगतात. उलट होसूर किंवा तिरुवळ्ळूरकडे तेलुगू सांगणारे अनेक जण स्थलांतरित नाहीतच. ते होते तिथेच राहिले, राज्याची सीमा त्यांच्या डोक्यावरून गेली. डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन १८८८मध्ये तिरुत्तणीला एका तेलुगू ब्राह्मण घरात जन्मले. तिरुत्तणी आज तमिळनाडूत आहे, पण १९५३ ते १९६० ते आंध्रात होतं. ते मद्रास राज्याकडे आलं त्यामागे एक मराठी माणूस होता. दोन राज्यांच्या सीमावादात लवाद म्हणून हरी विनायक पाटसकरांना नेमलं होतं. त्यांच्या निवाड्यानुसार १ एप्रिल १९६०ला तिरुत्तणी मद्रासकडे आणि सत्यवेडूचा भाग आंध्राकडे गेला. बेळगावच्या प्रश्नावर पिढ्यान्‌पिढ्या झुरणाऱ्या आपल्याला हे वाचून थोडा हेवा वाटायला हरकत नाही.

आता आलेल्यांकडे वळू.

जुन्या तमिळ साहित्यात उत्तरेकडच्या लोकांना ‘वडुगर’ म्हटलंय. ‘वड’ म्हणजे उत्तर. तमिळ भूमीची उत्तर हद्द वेंगडम, म्हणजे तिरुपतीचा डोंगर, आणि दक्षिण हद्द कुमरी, असं सर्वांत जुनं तमिळ व्याकरणच सांगतं. वेंगडमपलीकडचे ते वडुगर. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीही हे शेजारी एकमेकांना ओळखत होते, आणि नुसते ओळखत नव्हते. १०७० साली चोळांच्या गादीवर बसलेला कुलोत्तुंग हा वडिलांकडून वेंगीच्या चालुक्यांचा, म्हणजे तेलुगू मुलखातला राजपुत्र, आणि आईकडून राजेंद्र चोळाचा नातू. तमिळ वैभवाचा मानबिंदू समजल्या जाणाऱ्या चोळ घराण्याचा उत्तरार्ध असा अर्धा तेलुगू आहे. सभेत हे सहसा कुणी सांगत नाही.

मोठा लोंढा मात्र विजयनगरबरोबर आला. चौदाव्या शतकात विजयनगरचा राजपुत्र कुमार कंपण दक्षिणेत उतरला आणि मदुराईची सल्तनत त्याने मोडली. त्याची राणी गंगादेवी हिने या मोहिमेवर संस्कृतात काव्य लिहिलं आहे. पुढे कृष्णदेवरायाच्या अखेरीच्या काळात, १५२९च्या सुमारास, विश्वनाथ नायक मदुराईचा कारभारी झाला. तंजावर आणि जिंजीतही नायकांच्या गाद्या बसल्या. १५६५ला तालिकोटच्या लढाईने विजयनगरचा कणा मोडल्यावर हे नायक हळूहळू स्वतंत्र राजेच झाले. त्यांच्या मागोमाग शिपाई आले, शिपायांचे भाऊबंद आले, शेतकरी, विणकर, चामड्याचं काम करणारे, पुजारी, गवळी आले.

शाळेच्या पुस्तकात गोष्ट इथे संपते: ‘नायकांबरोबर तेलुगू आले.’ खरी गंमत पुढे आहे, कारण राजाबरोबर आलेला माणूस राजा गेल्यावर परत जाऊ शकतो. हे गेले नाहीत. का, ते समजायला जमीन बघावी लागते.

तिरुनेलवेलीकडे ताम्रपर्णीचं खोरं आहे. भाताची, बारमाही पाण्याची जमीन. ती वेळ्ळाळ या तमिळ शेतकरी जातीने आणि ब्राह्मणांनी शतकांपूर्वीच धरलेली होती. पश्चिमेला घाटाच्या पायथ्याशी मरवर या तमिळ लढवय्या जातीचा जोर. मध्ये आणि पूर्वेला, कोविलपट्टी, सात्तूर, एट्टयपुरम, विळात्तिकुळम या पट्ट्यात काळ्या मातीचं कोरडवाहू रान पसरलं होतं. तमिळमध्ये त्याला ‘करिसल’ म्हणतात. पाऊस बेभरवशाचा, विहीर खोल, पीक ज्वारी-बाजरी आणि कापूस. भाताच्या शेतकऱ्याला या जमिनीत रस नव्हता. रायलसीमेच्या आणि दख्खनच्या काळ्या मातीत पिढ्या काढलेल्या कम्मा, रेड्डी आणि कंबळम या तेलुगू जातींच्या लोकांना मात्र ही माती ओळखीची होती. विदर्भातल्या किंवा मराठवाड्यातल्या वाचकाला हे निराळं समजवायला नको. कापसाची काळी जमीन कशी कसायची हे हातात असावं लागतं. त्यामुळे तेलुगू वस्तीचा नकाशा आणि काळ्या मातीचा नकाशा एकमेकांवर ठेवले तर दक्षिण तमिळनाडूत ते बरेचसे जुळतात. इतिहासकारांनी हे दाखवून दिलंय, आणि मला तरी सगळ्या राजेरजवाड्यांच्या हकिकतींपेक्षा हे जास्त पटतं.

पण त्या लोकांना स्वतःला विचारलंत तर माती नव्हे, झाड सांगतील. दंतकथा अशी: उत्तरेत एका मुसलमान सरदाराची नजर आमच्या घरच्या मुलीवर पडली. त्याने मागणी घातली. आम्ही रातोरात सगळं सोडून निघालो. मागे घोडेस्वार, पुढे दुथडी भरलेली नदी. तेवढ्यात काठावरचं करंजाचं झाड वाकलं, त्याचा पूल झाला, आम्ही पार झालो, झाड परत सरळ उभं राहिलं. म्हणून करंज आम्हाला पूज्य. कंबळम नायक्कर ही गोष्ट सांगतात, थोड्या फरकाने इतर तेलुगू जातीही सांगतात. कोविलपट्टीजवळच्या इडैसेवलचे कि. राजनारायणन यांनी ‘गोपल्ल ग्रामम’ या तमिळ कादंबरीत याच कथेवर एक अख्खं गाव वसवलं. स्वतः कम्मा घरातले हे लेखक तमिळ वाचकांना ‘कि. रा.’ म्हणून ठाऊक आहेत. करिसलच्या बोलीचा शब्दकोशही त्यांनीच केला. कादंबरीच्या पुढच्या भागाला १९९१ला साहित्य अकादमी मिळाली. तमिळ ग्रामीण बोलीत लिहिणारा सर्वांत लाडका लेखक घरात तेलुगू बोलणारा, आणि त्याच्या गावचेच, तेलुगू घरातलेच कु. अळगिरिसामी हेही अकादमीचे मानकरी.

ही पलायनाची कथा खरी मानायची का? एकच प्रसंग डझनभर जातींवर ओढवला असेल हे कठीण आहे. शिवाय हे लोक ज्या काळात दक्षिणेत आले असं सांगतात त्या काळात त्यांच्याच भाषेचे सरदार दक्षिणेत जिंकत चालले होते. जिंकणाऱ्या फौजेमागून जाऊन जमीन मिळवणाऱ्याला निर्वासित म्हणत नाहीत. पण १३२३ला वरंगळचं काकतीय राज्य बुडाल्यानंतर तेलुगू मुलखात खरोखर वाताहत झाली होती, तालिकोटनंतरही झाली. त्यामुळे भीतीची आठवण अगदीच बनावट नसावी. माझा अंदाज असा की काही घरं पळाली, बरीच घरं संधी बघून आली, आणि पुढे सगळ्यांनी पळाल्याची गोष्ट उचलली, कारण दुसऱ्याच्या मुलखात राहायचं तर ‘आम्ही जिंकायला आलो’ यापेक्षा ‘आम्ही अब्रू वाचवायला आलो’ हे सांगणं सोयीचं.

आता पाळेगार. मदुराईच्या नायकांनी मुलूख ७२ पाळयांत वाटला, प्रत्येकावर एक पाळेगार. या रचनेचं श्रेय विश्वनाथ नायक आणि त्याचा तमिळ दळवाय, म्हणजे सेनापती, अरियनाथ मुदलियार या दोघांना देतात. पूर्वेकडची पाळयं बहुतेक तेलुगू नायक्करांची, पश्चिमेकडची बहुतेक मरवरांची. यांतलंच एक पांचालंकुरिची, तिथला पाळेगार वीरपांडिय कट्टबोम्मन. ब्रिटिशांना खंडणी नाकारली म्हणून १६ ऑक्टोबर १७९९ला कयत्तार इथे त्याला फाशी दिलं. तमिळनाडूत त्याचं नाव आपल्याकडे उमाजी नाईकांचं घ्यावं तसं घेतलं जातं. तो राजकंबळम नायक्कर, तेलुगू घराण्यातला.

भाषा म्हणजे निष्ठा असं ज्यांना वाटतं त्यांनी ही हकिकत नीट बघावी. कट्टबोम्मनाच्या विरोधात इंग्रजांना मदत केली ती शेजारच्या एट्टयपुरमच्या पाळेगाराने, आणि तोही तेलुगू नायक्करच. ‘एट्टप्पन’ हा तमिळमध्ये आजही गद्दाराला वापरायचा शब्द आहे. उलट कट्टबोम्मनाच्या बाजूने लढलेला सुंदरलिंगम हा तमिळ, देवेंद्रकुल समाजातला. कट्टबोम्मनाचा भाऊ ऊमैदुरै १८०१मध्ये तुरुंगातून निसटला तेव्हा त्याला आसरा दिला शिवगंगेच्या मरुदु बंधूंनी, म्हणजे तमिळांनी. आणि त्याच वर्षी तेही फासावर गेले. घरातली भाषा कोणती यावरून त्या काळात कुणी बाजू ठरवत नव्हतं.

तेलुगू नुसती शेतात नव्हती, दरबारातही होती, आणि इथे आपला संबंध येतो. तंजावरचे नायक तेलुगूचे मोठे आश्रयदाते. रघुनाथ नायक स्वतः कवी, त्याचा मुलगा विजयराघव नाटककार. १६७३ला मदुराईच्या नायकाने तंजावर घेतलं, विजयराघव मारला गेला, आणि त्या गोंधळात विजापूरच्या फौजेबरोबर आलेल्या व्यंकोजी भोसल्यांनी १६७५-७६च्या सुमारास गादी घेतली. राजे मराठी झाले, प्रजा तमिळ होती, पण दरबारातली तेलुगू तशीच राहिली. व्यंकोजींचा मुलगा शहाजी याने तेलुगूत ‘पल्लकी सेवा प्रबंधमु’ लिहिलं. प्रतापसिंह भोसल्यांच्या दरबारातल्या मुद्दुपळनी या गणिकेने राधेवर लिहिलेलं तेलुगू शृंगारकाव्य पुढे इंग्रज सरकारने अश्लील ठरवून बंद केलं. आणि मराठी राजांच्याच अमलात तिरुवैयारूला कावेरीकाठी बसून त्यागराजांनी (१७६७ ते १८४७) आपल्या शेकडो कृती रचल्या. घराणं पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखातलं, भाषा तेलुगू. कर्नाटक संगीतात तेलुगू इतकी मुरली की १९४०च्या दशकात ‘मैफलीत तमिळ गाणीही म्हणा’ यासाठी तमिळ लोकांनाच चळवळ करावी लागली.

ब्राह्मण, राजे, पाळेगार, शेतकरी यांच्याविषयी बोलताना एक मोठा समाज मागे राहतो, बहुतेक लेखांत तो राहतोच: अरुंधतियार. चामड्याचं काम आणि पुढे शहरांतली सफाई ज्यांच्या माथी मारली गेली असे हे दलित. कोइमतूर, ईरोड, सेलम, नामक्कल या पश्चिम पट्ट्यात त्यांची वस्ती मोठी. अनेकांच्या घरात तेलुगू, काहींच्या कन्नड. खोल विहिरीतून पाणी काढायला चामड्याची मोट लागायची. काळ्या मातीची ती सगळी शेती ज्या मोटेवर चालली ती यांच्या हातची. पण ‘नायकांबरोबर आले’ हे वाक्य त्यांच्यातल्या अनेकांना मान्य नाही. आम्ही इथलेच, भाषा मागाहून आली किंवा लादली गेली, असं ते म्हणतात, आणि आपला नायक म्हणून इंग्रजांशी लढलेल्या पुली तेवर या पाळेगाराच्या फौजेतल्या ओंडिवीरनचं नाव घेतात. या आग्रहामागचं कारण समजण्यासारखं आहे. कम्मा जमीनदाराला ‘बाहेरचा’ म्हटलं तर त्याच्या मानाला धक्का बसतो. अरुंधतियार माणसाला ‘बाहेरचा’ म्हटलं तर त्याच्या आरक्षणावर बोट ठेवलं जातं. २००९मध्ये न्यायमूर्ती जनार्थनम यांच्या शिफारशीवरून तमिळनाडूने अनुसूचित जातींच्या १८ टक्क्यांतले ३ टक्के अरुंधतियार गटातल्या सात जातींसाठी ठेवले. त्यावर जे आक्षेप आले त्यांत ‘हे तमिळ नाहीत’ असाही सूर होता. १ ऑगस्ट २०२४ला सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने सहा विरुद्ध एक मताने अशा उपवर्गीकरणाला मान्यता दिली आणि तमिळनाडूचा कायदा टिकला.

विणकरांचं आणखी वेगळं. देवांग ही एकच जात, पण काही देवांग घरात तेलुगू बोलतात, काही कन्नड. दोघेही चौडेश्वरीचे भक्त. मग यांना भाषेने मोजायचं की जातीने?

विसाव्या शतकापर्यंत हा प्रश्न कुणाला फारसा पडला नव्हता. १९१६ला ब्राह्मणेतरांची जस्टिस पार्टी उभी राहिली तेव्हा तिच्या तीन प्रमुख संस्थापकांत पिट्टी त्यागराय चेट्टी तेलुगू देवांग, टी. एम. नायर मल्याळी आणि नटेस मुदलियार तमिळ. चेन्नईतला टी. नगर याच त्यागराय चेट्टींच्या नावाचा. १९४४ला सेलमला पक्षाचं नाव ‘द्राविडर कळगम’ झालं, ‘तमिळर कळगम’ नाही. पेरियार स्वतः कन्नड बोलणाऱ्या बलिजा घरातले होते. मद्रास प्रांतात चारही भाषा नांदत होत्या तोवर ‘द्रविड’ हे छत्र सगळ्यांना पुरत होतं. स्वातंत्र्याच्या वेळचे प्रांतप्रमुख ओमंदूर रामस्वामी रेड्डियार आणि त्यांच्यानंतरचे, राजपाळयमचे पी. एस. कुमारस्वामी राजा, दोघेही तेलुगू मुळाच्या जातींतले.

१५ डिसेंबर १९५२ला स्वतंत्र आंध्र राज्यासाठी उपोषण करताना पोट्टी श्रीरामुलु गेले, १ ऑक्टोबर १९५३ला आंध्र राज्य झालं. ‘मद्रास मनदे’, म्हणजे मद्रास आमचंच, ही घोषणा हरली. १९५६च्या पुनर्रचनेनंतर उरलेलं राज्य जवळजवळ तमिळ होतं आणि त्यात राहिलेला तेलुगू माणूस पहिल्यांदा ‘भाषिक अल्पसंख्याक’ झाला. तो हलला नव्हता, भोवतालचा चौकोन बदलला होता. आज सीमान यांच्या ‘नाम तमिळर कच्ची’सारखे पक्ष म्हणतात की ‘द्रविड’ या नावाआडून तमिळेतरांनी राज्य केलं, यापुढे तमिळ वंशाचाच माणूस गादीवर हवा. अशा वेळी तेलुगू मुळाच्या माणसाला ‘वंदेरी’, म्हणजे उपरा, म्हणून हिणवलं जातं. गंमत बघा: श्रीलंकेतल्या तमिळांसाठी सर्वांत कर्कश आवाज उठवणारे आणि २००२ला त्यापायी ‘पोटा’ या दहशतवादविरोधी कायद्याखाली तुरुंगात गेलेले तमिळ नेते वायको हे तेलुगू नायडू घरातलेच.

आडनावांवरूनही काही कळत नाही. नायडू ही पदवी कम्मा, बलिजा, वेलमा सगळेच लावतात. नायक्कर ही पदवी उत्तर तमिळनाडूतले वन्नियारही लावत आले आहेत, आणि ते पक्के तमिळ. सरकारी याद्या तर या गुंत्याचा नमुनाच आहेत. मागासवर्गीयांच्या यादीत एक नोंद अशी: ‘गवरा, गवरै आणि वडुगर (कम्मा, कापू, बलिजा, रेड्डी सोडून).’ शेजारच्या अतिमागास यादीत राजकंबळम, गोल्लवर, सिल्लवर वगैरेंसह तोट्टिय नायक्कर. म्हणजे कट्टबोम्मनाचे वारस अतिमागास आणि कोइमतूरच्या गिरण्यांचे मालक असलेले कम्मा खुल्या गटात. दोघेही जनगणनेत ‘तेलुगू’.

मग या लोकांमध्ये तेलुगूपण उरतं ते कशात? भाषेपेक्षा जास्त ते लग्नात उरतं. प्रत्येक कुळाला एक ‘इंटिपेरु’ असतं, घराण्याचं नाव. एका इंटिपेरूत सोयरीक होत नाही. ज्या घरात तीन पिढ्या कुणी तेलुगू बोललेलं नाही तिथेही मुलीचं स्थळ बघताना इंटिपेरु विचारतात. देवांमध्ये उरतं: कंबळम लोकांची जक्कम्मा. पहाटे डमरू वाजवत ‘चांगला काळ येतोय, जक्कम्मा सांगतेय’ म्हणत दारावर येणारा कुडुकुडुप्पैवाला याच समाजातला, थेट आपल्या कुडमुड्या जोशाचा भाऊबंद. देवराट्टम हा त्यांचा नाच आता तमिळ लोककला म्हणून शाळांच्या स्नेहसंमेलनांत होतो.

बोली मात्र तमिळ वळणाची झाली आहे. कोविलपट्टीकडचं तेलुगू विजयवाड्याच्या माणसाला मजेशीर वाटतं, आणि बोलणाऱ्यांपैकी फार थोड्यांना तेलुगू लिपी येते. लिहायची वेळ आली तर तमिळ अक्षरांत लिहितात. त्याने त्यांचं काही अडत नाही. २००६च्या कायद्याने शाळांत तमिळ सक्तीची झाली तेव्हा कोर्टात जाणारे आणि तेलुगू शाळा टिकवा म्हणणारे मुख्यतः होसूर-कृष्णगिरीच्या सीमेवरचे आणि चेन्नईतले होते. करिसलच्या काळ्या मातीतल्या नायक्करांनी आणि रेड्डियारांनी तेलुगू शाळा कधी फारशी मागितलीच नाही. त्यांची निवेदनं सरकारकडे जातात ती जातीच्या दाखल्यांसाठी आणि आरक्षणाच्या यादीतल्या जागेसाठी, आणि ती तमिळमध्ये लिहिलेली असतात.